दुसऱ्याची चिकटपट्टी

सोमवार

पोचलो एकदाचे. विमान उशिरा, बॅगा त्याहून उशिरा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणे! दर्जा काय तो विमानतळावरच कळला. न्यायला आलेला ड्रायव्हर आमच्या नावाची पाटी धरून अगदी समोर उभा होता, असं कन्येचं म्हणणं. असेल उभा. मुंगीएवढी अक्षरं काढल्यावर ती दिसणार कोणाला?

हॉटेलची खोली बरी आहे, पण दिवे लावताना मालकाने हात आखडता घेतलाय. वही घेऊन खिडकीशी बसलोय. वहीच्या रेघा छापणाऱ्यानेही शाईत कंजूषपणा केलेला, म्हणून हल्ली मी जाड पेन वापरतो आणि रेघांच्या नादी लागत नाही. प्रत्येक मोठ्या स्पर्धेत मी दैनंदिनी लिहितो. उद्या कोणी विचारलं, मेडल कसं आलं, तर उत्तर लेखी असलेलं बरं. लोक विसरतात, आणि विसरले नाहीत तर श्रेय पळवतात.

आम्ही तिघं आलोय. चिरंजीव उंच उडी मारतात. मी त्यांचा कोच आणि बाप, याच क्रमाने. हे त्यांना लहानपणीच सांगून ठेवलंय. दोन मीटर सव्वीस ही त्यांची आजवरची सगळ्यात उंच उडी. पाठीवरून मारतात, हल्ली सगळेच तशी मारतात. आमच्या वेळी दांडीवरून पोटावर लोळण घेत पलीकडे जायचं, दांडीला नजर देऊन. आता दांडीला पाठ दाखवायची आणि गादीत पडायचं. गादी तरी केवढी, चार संसार मावतील! आम्ही वाळूत पडायचो. असो.

तिसरी कन्या, चिरंजीवांहून थोरली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. रजा टाकून आलीय. कशाला, तर धाकट्याला सोबत. पाणी देईल, कपडे वाळत घालील, तेवढाच उपयोग. लहानपणी तीही उडी मारायची, बरी मारायची. दहावीला मी बंद केली. एका घरात दोघांना शिकवायला गेलं की एकही धड होत नाही. चार दिवस रडली, मग गप्प झाली. ती सवय मात्र तिने टिकवली आहे.

विमानात साहेब शेजारी येऊन बसले. साहेब म्हणजे आमच्या संघाचे प्रमुख. या माणसाने जन्मात जी काही उडी मारली असेल ती एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर. म्हणाले, "सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या वेळी मेडल आलं तर मुलगा तुमच्याकडेच. नाही आलं तर परत गेल्यावर त्याला शिबिरात घालायचं, नव्या कोचच्या हाताखाली. वरून ठरलंय."

नवा कोच म्हणजे लॅपटॉप. त्याला नाव आहे, पण मी घेत नाही. पोरगा उडी मारत असतो तेव्हा हा पोराकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो. उद्या पोराचा पाय मोडला तर आधी बॅटरी किती उरली ते बघेल.

चिरंजीव चालायला लागले तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. पोरगा नेला तर सकाळी उठून ओरडायचं कोणावर? मेडल आलंच पाहिजे. बाकी काही नाही.

मंगळवार

सराव केला. सगळे देश आलेत. बांबूच्या बनात उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि डोकी बहुतेकांची बांबूसारखीच पोकळ. त्यात एक जिराफ आहे. सगळ्यांहून वीतभर उंच, सतत हसत असतो. एवढं हसण्यासारखं काय असतं या लोकांच्या आयुष्यात, कोण जाणे.

उंच उडीत धाव कुठून घ्यायची आणि कुठे वळायचं, ती खूण प्रत्येक जण जमिनीवर चिकटपट्टी लावून करतो. पट्टी थोडी चुकली की उडी गेलीच म्हणून समजा. धावणाऱ्याला ते कळत नाही, बाहेरून बघणाऱ्याला कळतं. म्हणून तर कोचला कठड्याशी खुर्ची मिळते. आत पाऊल टाकायचं नाही, बाहेरून खुणा करायच्या. माझ्या खुणा साध्या आहेत. हात छातीकडे ओढला की पट्टी मागे. हात पुढे ढकलला की पट्टी पुढे. हात डोक्यावर गोल फिरवला की ही उंची सोडून दे, पुढच्या उंचीला मार.

पुढे ढकलायची वेळ हल्ली येतच नाही. मला चिरंजीव प्रत्येक वेळी दांडीला चिकटलेलेच दिसतात. मी हात ओढतो, "मागे घे!" चिरंजीव वाकतात, पट्टीपाशी काहीतरी करतात, उठतात, आणि उडी साफ जाते. याला नजर म्हणतात. ती लॅपटॉपमध्ये मिळत नाही.

पोरगा आज्ञाधारक आहे, एवढं कबूल करतो. प्रत्येक उडीआधी माझ्याकडे बघतो. म्हणजे माझ्या डोक्याच्या जरा वर बघतो, पण बापाच्या थेट डोळ्यांत बघायला छाती लागते. कन्या माझ्या मागे उभी असते, बाटल्या घेऊन. तिला म्हटलं, "बस की खुर्चीवर. खांबासारखी काय उभी राहतेस?"

"इथून बरं दिसतं, बाबा."

बरं दिसतं! हिला काय दिसायचंय? बाटल्या सांभाळ म्हणावं.

लॅपटॉप मध्येच नाक खुपसायला आला. "सर, एक विचारू? तुम्ही मागे म्हणालात, पण त्याने तर पट्टी..."

"सर, तुमचा चहा गार होतोय," कन्या म्हणाली. तो चहाकडे गेला. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बोलली.

बुधवार

लिफ्टमध्ये साहेबांना वाकून नमस्कार केला. मन मारून केला, पोरासाठी. तर ते साहेब नव्हतेच. कुठल्याशा देशाचा गोळाफेकवाला निघाला. त्यानेही वाकून नमस्कार केला. लिफ्टमध्ये दिवा लावायला काय होतं यांना?

कन्येने माझ्या टेबलावर थेंबांची बाटली ठेवलीय. "डोळे कोरडे पडतात हो प्रवासाने. आणि परत गेल्यावर एकदा दुकानात या ना, पाच मिनिटांचं काम आहे."

"मला काय धाड भरलीय?"

"धाड नाही हो, बाबा. वय झालं की होतं."

"वय तुझ्या दुकानाचं झालंय," म्हटलं. गिऱ्हाईक मिळेना म्हणून आता बापाला धरायला निघाली. बाटली खिडकीत ठेवून दिली.

शुक्रवार

या लोकांना माझं काय वाकडं करायचंय, ते एकदा समोर येऊन सांगावं. 

आज पात्रता फेरी. दोन पंचवीस जो जाईल तो अंतिम फेरीत. ऊन भाजून काढणारं, मैदान पांढरंफटक पडलेलं. चिरंजीवांनी आधीच्या उंच्या नेहमीच्या निवांतपणे पार केल्या. दोन पंचवीसला मात्र पहिली उडी वाया गेली. दुसरीही गेली. तिसरी गेली की खेळ खलास, मेडल विसरा आणि पोरगा लॅपटॉपच्या घशात.

मी हात ओढत होतो, मागे, मागे! चिरंजीव माझ्या डोक्यावरून बघत मान हलवत होते. वाकले, उठले. पण पट्टी जिथल्या तिथे! मी बघत होतो ना. एक तसूभर हलली नाही. मग मात्र माझा ताबा सुटला. कठडा ओलांडला. गुडघ्याने साथ दिली नाही, एक चप्पल अलीकडेच राहिली, तरी ओलांडला. गेलो सरळ पट्टीपाशी, उचकटली आणि जिथे हवी होती तिथे, मागे, चिकटवून दिली.

मागून आरडाओरडा सुरू झाला. मला वाटलं मला उद्देशून आहे. होताही, पण कारण वेगळं होतं. जिराफ धावत येत होता. त्याची धाव पार चुकली, तो दांडी घेऊनच गादीत पडला. मग पंचांची गर्दी. एक पंच माझ्या तोंडाशी बोट नाचवून बोलत होता. त्याची भाषा मला येत नाही, पण बोट सगळ्या भाषांत सारखंच असतं.

"बाबा," कन्या कठड्याजवळून म्हणाली, "ती त्याची पट्टी होती. आपली पिवळी आहे. ती पलीकडे."

"ही पांढरी आमची आहे!"

"ती पांढरी त्याची आहे, बाबा. आपली पिवळी."

बघा! त्या उन्हात पिवळं काय आणि पांढरं काय, सगळं एकच दिसतं. या आयोजकांना एवढी साधी गोष्ट सुचत नाही की प्रत्येकाला ठसठशीत रंग द्यावा. आणि माझ्या पोराची पट्टी मला ओळखता येत नाही म्हणता? मीच तर त्याला पट्टी लावायला शिकवली!

जिराफाला नवी उडी दिली. चिरंजीवांना ताकीद मिळाली, माझ्यामुळे. माझं कोचचं कार्ड गळ्यातून काढून घेतलं. दोन माणसांनी दोन्हीकडून धरून मला बाहेर नेलं, आजारी माणसाला नेतात तसं, हळूच. त्याचाच जास्त राग आला. मागे वळून बघितलं तर चिरंजीव जिराफासमोर हात जोडून उभे. माझ्या वतीने माफी मागताहेत! जिराफ काय करत होता ते कळलं नाही. कन्या म्हणते, त्याने चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारली. मोठा आला उदार.

मला दरवाजापर्यंत नेईतो आत टाळ्या कडाडल्या. तिसऱ्या उडीला चिरंजीव दोन पंचवीस गेले. अंतिम फेरीत.

माझं म्हणणं असं की मी जो गोंधळ घातला त्यानेच पोरगा पेटला. कोणी मान्य करणार नाही. नका करू.

शनिवार

साहेबांनी सकाळीच आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. लॅपटॉपही होता, तोंडावर दुःख चोपडून. साहेब म्हणाले, "सर, उद्या तुम्हाला कठड्याशी बसता येणार नाही. नियम आहे. एक कार्ड दुसऱ्याच्या नावावर करून मिळतंय. नव्या कोचच्या नावावर करून घेऊ या का?"

मी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाले, "ताई बसेल."

साहेब हसले. "ताईला काय कळतं रे?"

मलाही नेमकं हेच विचारायचं होतं. पण साहेबाने विचारलं म्हणून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माझी मुलगी आहे. तुमच्या या यंत्रापेक्षा तिला जास्त कळतं." म्हणायचं म्हणून म्हटलं. कन्या खाली बघत होती. चिरंजीव मात्र जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिले. यात बघण्यासारखं काय होतं?

दुपारी तिचा फोटो काढला, कार्ड मिळालं. ते घालून ती आली तेव्हा तोऱ्यात असेल असं वाटलं होतं. नव्हती. मी तिला समोर बसवून सगळं समजावलं. "मी वरच्या गॅलरीत बसतो, तिकीट काढून, चारचौघांसारखा. हातात पांढरा टॉवेल घेतो. मी जे करीन ते तू बघायचंस आणि जसंच्या तसं त्याला दाखवायचंस. तू फक्त आरसा. डोकं चालवायचं नाही. कळलं?"

"हो, बाबा."

"आणि चेहरा कोरा ठेव. उडीआधी पोरगा कोचचा चेहरा वाचतो. तिथे भीती दिसली की गेला."

"हो, बाबा. माहीत आहे."

माहीत आहे म्हणे. चष्मे विकता विकता कळलं असेल.

सोमवार, सकाळ

कालची अंतिम फेरी. जसं झालं तसं लिहितो. नाही लिहिलं तर मीच नंतर ते माझ्या सोयीने आठवीन.

गॅलरीत माझ्या शेजारी आमच्याच देशाचा एक ढेरपोट्या बसला होता. सुट्टी काढून स्पर्धा बघायला आलेला, दोन्ही गालांवर झेंडा रंगवलेला, पन्नाशीचा गृहस्थ. असा माणूस घरी आरशात कसा बघतो, हा प्रश्नच आहे. पण त्याला सतत बोलायची खोड होती आणि काल ती माझ्या कामाला आली. वरून मैदान म्हणजे नुसता धूर. दिवे एवढे प्रखर की प्रत्येक दिव्याभोवती गोल वलय. दांडी दिसत नव्हती. माणसं दिसत होती, पण डागांसारखी.

"गेला का रे आपला?" मी विचारलं.

"अहो, समोरच तर गेला! साफ! दोन वीस. दिसलं नाही का?"

"मध्ये डोकं आलं," मी म्हटलं. माझ्या पुढची रांग रिकामी होती.

दोन पंचवीसला पहिली उडी वाया गेली. ते त्याने सांगायच्या आधी गॅलरीच्या हळहळीवरून कळलं. मी उभा राहिलो आणि टॉवेल छातीकडे ओढला. मागे! मागे घे! पुन्हा पुन्हा ओढला.

"अहो, खाली बसा, मागचे ओरडतायत. टॉवेल कोणाला दाखवताय?"

"खाली कठड्याशी एक मुलगी बसलीय ना, ती काय करतेय?"

"ती लाल जॅकेटवाली कोच? तिने इकडे बघितलं. मान हलवली. आता पोराकडे वळली."

"आता हात छातीकडे ओढेल बघ."

"नाही हो. हात पुढे ढकलतेय. असा, पुढे. पोरगा हो म्हणाला. पट्टी पुढे सरकवली त्याने."

मी उभाच राहिलो. मला वाटलं ढेरपोट्या चुकला. म्हटलं, "नीट बघ. मागे म्हणतेय ती."

"मला डोळे आहेत हो. पुढे. ही बघा धाव घेतली..."

बाकी मला त्याने सांगावं लागलं नाही. सगळी गॅलरी उठली.

त्यानंतर दोन एकोणतीस. एवढी उंच उडी चिरंजीवांनी जन्मात मारलेली नाही. आमचा शहाणपणाचा मार्ग असा की ती सोडायची, जोर राखायचा आणि दोन बत्तीसला जीव खाऊन मारायची. मी टॉवेल डोक्यावर गोल गोल फिरवला. हात भरून आला तरी फिरवला.

"कोच बघतेय का इकडे?"

"बघितलं की. तुमच्याकडेच बघितलं. हात वर करून 'हो' म्हणाली. आता पोराला..." तो थांबला. "तिने त्याला बोट दाखवलं. दांडीकडे. मार म्हणतेय."

मी टॉवेल खाली केला.

"फार तयारीची बाई आहे हो," ढेरपोट्या म्हणाला. "पोरगा प्रत्येक उडीआधी तिच्याकडेच बघतो. पात्रता फेरीतही बघत होता. मी तेव्हा खाली होतो, जवळ. पुढे तो बाप का कोण होता ना, ज्याने दुसऱ्याची पट्टी उचकटली, तो हातवारे करायचा आणि पोरगा त्याच्या डोक्यावरून हिच्याकडे बघायचा. आम्ही हसून हसून मेलो."

तो माझ्याकडे बघून हसत होता. मला ओळखलं नव्हतं त्याने.

"ती कोच नाही," मी म्हटलं.

"मग कोण आहे?"

"माझी मुलगी आहे."

"अरे वा! म्हणजे तुम्ही कोचचे वडील!" त्याने माझा हात धरून हलवला. घामट, जाडजूड हात. "अभिनंदन हो! नशीब लागतं."

दोन एकोणतीसची पहिली उडी वाया गेली, दुसरीही गेली, तिसरी साफ. मला एक डाग वर जाताना आणि खाली येताना दिसला. मध्ये काय झालं ते मी आवाजावरून जाणलं. जिराफ पहिला आला, हसतच आला असणार. चिरंजीव तिसरे. मेडल.

मी खूश व्हायला हवा होतो. मी खाली बसलो, टॉवेल गुडघ्यावर ठेवला आणि मंगळवारपासून आठवत गेलो. मग मागच्या वर्षीपासून, मग त्याच्याही आधीपासून. मी मागे म्हणायचो, तो वाकायचा, पट्टीपाशी काहीतरी करायचा. काय करायचा ते मी कधी बघितलंच नव्हतं. बघितलं नव्हतं की दिसलं नव्हतं? आणि ती मागे उभी. बाटल्या घेऊन. इथून बरं दिसतं, बाबा.

किती दिवस ही दोघं माझ्यासमोर हे नाटक करताहेत! माझ्या तोंडावर! मला एवढा संताप आला की रडूच आलं. शेजारी ढेरपोट्या, त्याला वाटलं आनंदाश्रू. त्याने मला रुमाल दिला. रुमालावरही झेंडा.

नंतर टीव्हीवाल्या बाईने चिरंजीवांना विचारलं, तुमचे कोच कोण? मी दोन हात अंतरावर उभा होतो. कन्या त्याच्याशेजारी होती, त्याचे बूट हातात घेऊन. चिरंजीव म्हणाले, "आमचे बाबा. सगळं त्यांनीच शिकवलंय." आणि कन्येने टाळ्या वाजवल्या. बूट काखेत दाबून टाळ्या वाजवल्या तिने.

लहान पोरांच्या शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्याला मी अशाच टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या मला चांगल्या ओळखू येतात.

सोमवार, दुपार

न्याहारीला सगळा संघ एका लांब टेबलावर. साहेब माझ्यासमोर येऊन बसले, अंडी चिवडत, मेडल आपणच मारल्यासारखे फुगून. लॅपटॉप टोकाला, आज पहिल्यांदा लॅपटॉपशिवाय. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसावं.

"सर," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठरल्याप्रमाणे. मेडल आलं, मुलगा तुमच्याकडेच. शिबिराचा विषय संपला. आणि तुमचं कार्डही सोडवून आणलंय. ताईचंही परत आलंय. उद्याच्या समारोपाला लागेल, घ्या आपलं." त्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर सरकवली.

खरं लिहितो, त्या क्षणी मला आनंद झाला. निव्वळ आनंद. जे मागितलं ते मिळालं होतं. चिरंजीव बशीत बघत होते, कन्या बशीत बघत होती, आणि मला माहीत होतं की मी गप्प राहिलो तर ती दोघंही गप्प राहतील. माझ्या मरेपर्यंत गप्प राहतील. असलं गप्प राहणं मीच शिकवलंय त्यांना.

मी हात पुढे केला, एक कार्ड उचललं आणि गळ्यात घातलं.

टेबल शांत झालं. चिरंजीवांचा चमचा बशीत थांबला. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना कोणीतरी टेबलाखालून पाय मारला असावा, कारण तेही थांबले. कोणीच काही बोलेना, त्यावरूनच मला कळलं.

मी कार्ड नाकाशी धरलं. एक फोटो होता. चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग, वर काळं. माझं डोकं तर कधीचं पांढरं झालंय.

"यावर फोटो कोणाचा आहे?" मी मोठ्याने विचारलं.

"असू द्या ना, बाबा," चिरंजीव पुटपुटले.

"तुला नाही विचारलं. फोटो कोणाचा आहे?"

"माझा, बाबा," कन्या म्हणाली.

मग मी बोललो. इतकी वर्षं ज्या आवाजात पोरांना झापलं त्याच आवाजात बोललो, दुसरा मला येत नाही. म्हटलं, "साहेब, तुमचं जे काय ठरलंय ते हिला सांगा. मला चहात साखर किती पडली ते दिसत नाही, दांडी कुठून दिसणार? गेली कित्येक वर्षं या पोराला हीच उडवतेय. मी पुढे बसून हात हलवत होतो, बस. आणि तुम्ही विचारलंत, ताईला काय कळतं! एवढी मोठी खुर्ची दिलीय तुम्हाला, खाली वाकून तरी बघायचं होतंत कधी. या यंत्रवाल्याला तरी ते मंगळवारीच दिसलं होतं."

साहेबांचं तोंड उघडं पडलं असावं. चिवडण्याचा आवाज बंद झाला, एवढं नक्की.

मी कार्ड काढलं आणि कन्येपुढे धरलं. ती घेईना. मग लक्षात आलं, मी ते तिच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरलंय. चिरंजीवांनी माझं मनगट धरून हळूच तिच्याकडे वळवलं. मी हात झटकला नाही. तिने कार्ड घेतलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. एवढ्या लोकांत रडायला लागली कार्टी.

"रड आवर," मी म्हटलं. "पोरगा समोर बसलाय. तो तुझ्या तोंडाकडे बघतो."